पुरळ आलं म्हणून गोळी बंद?

"अंगावर पुरळ उठलं म्हणजे औषध मानवत नाही, आणि मानवत नाही ते औषध बंद करावं." त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी सतत ऐकते. रुग्णाच्या घरच्यांकडून ऐकते, गावच्या डॉक्टरांकडून ऐकते, मेडिकलच्या काउंटरवर ऐकते, आणि खेदाची गोष्ट अशी की माझ्याच शाखेतल्या काही सहकाऱ्यांकडूनही ऐकते. दाढदुखीसाठी किंवा साध्या सर्दीतापासाठी घेतलेल्या गोळीच्या बाबतीत ते बरोबरच आहे. ती गोळी थांबवल्याने फारसं बिघडत नाही, दुसरी मिळते. पण रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या माणसाला हाच नियम डोळे मिटून लावला की त्याच्या जिवाशी खेळ होतो. या नियमाचा प्रतिवाद मला करायचा आहे. त्यामागची भीती मी खोटी ठरवणार नाही, कारण काही पुरळ खरोखर जीव घेतं. मात्र भीती खरी असली म्हणून तिच्यातून काढलेला नियमही खरा ठरत नाही.

सुरुवात इमॅटिनिबपासून करते, कारण या नियमाने होणारं नुकसान तिथे स्वच्छ मोजता येतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग. त्यात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल नावाचं एक प्रथिन तयार होतं, जे पेशींना वाढतच राहायला लावतं. इमॅटिनिब नेमकं त्याच प्रथिनाला निकामी करतं. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याआधी या आजाराच्या रुग्णापुढे इंटरफेरॉनची त्रासदायक इंजेक्शनं होती, नाहीतर अस्थिमज्जा प्रत्यारोपण, तेही जुळणारा दाता आणि पैसा दोन्ही असले तर. इमॅटिनिबमुळे उपचार रोजच्या गोळीवर आला, बहुतेकांना ४०० मिलिग्रॅम. आयरिस नावाच्या चाचणीत ११०६ रुग्ण होते. त्यांतल्या इमॅटिनिबने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनीही जिवंत होते. आपल्याकडे सीएमएलचा रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णापेक्षा बराच तरुण असतो. तिशी-चाळिशीतला, घर चालवणारा, मुलं अजून शाळेत असलेला माणूस.

ही गोळी आपल्यापर्यंत सहज आलेली नाही. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता. तिच्या पेटंटला ज्यांनी विरोध केला त्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळीचा मार्ग कायमचा मोकळा झाला. रुग्णांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून राखलेली ही गोळी एखाद्या घरात खाज सुटली म्हणून कपाटात पडून राहते, तेव्हा मला मनापासून राग येतो. तो राग रुग्णावर नसतो. "थांबवा" असं त्याला सांगणाऱ्यांवर असतो.

आता पुरळाकडे वळू. इमॅटिनिबवर पुरळ येतं, आणि ते दुर्मीळ नाही. आयरिस चाचणीत एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना ते आलं. गंभीर म्हणावं असं मात्र शंभरातल्या दोन-तीन जणांना आलं. बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांत छातीवर, हातांवर, मांड्यांवर बारीक पुटकुळ्या किंवा चट्टे उठतात, खाज सुटते, डोळ्यांखाली सूज येते. औषधाची मात्रा जास्त असेल तर त्रास जास्त, कमी असेल तर कमी. म्हणजे पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने जशी काही मिनिटांत गांधी उठून घसा सुजतो, तशी ही गोष्ट नाही. हा औषधाच्या कामाचाच एक उपद्रव आहे, आणि म्हणूनच तो बहुधा आटोक्यात आणता येतो. सौम्य असेल तर योग्य ताकदीचं स्टिरॉइड मलम, खाजेची गोळी, अंगाला तेल किंवा साधं मॉइश्चरायझर, आणि गोळी चालूच. त्रास मध्यम असेल तर पोटातून थोडे दिवस प्रेडनिसोलोन. फारच असेल तर इमॅटिनिब काही दिवस थांबवायचं, अंग शांत होऊ द्यायचं, आणि स्टिरॉइडच्या आडोशाने कमी मात्रेवर पुन्हा सुरू करून हळूहळू वर न्यायचं. ही पद्धत इमॅटिनिब आल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेली आहे. ती नवी नाही, अवघड नाही आणि महागही नाही.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो: चार-आठ दिवस गोळी नाही घेतली तर काय एवढं होणार? डॉक्टरांनी सांगून, पुन्हा सुरू करण्याची तारीख ठरवून चार-आठ दिवस थांबलं तर बहुधा काही होत नाही. पण घरी थांबवलेली गोळी चार-आठ दिवसांनी पुन्हा सुरू होत नाही. पुरळ जातं, बरं वाटतं, आणि सीएमएल तर दुखत-खुपत नाही. मग एक दिवसाआड गोळी, मग आठवड्यातून दोनदा. २०१० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या डॉक्टरांनी ८७ रुग्णांच्या बाटल्यांना इलेक्ट्रॉनिक झाकण लावून तीन महिने पाहिलं की बाटली खरोखर कधी उघडली जाते. नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये सहा वर्षांत बीसीआर-एबीएलचं प्रमाण हजाराव्या हिश्शापर्यंत उतरण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के होती. नव्वद टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये ती २८ टक्के. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की माणूस या दुसऱ्या गटात जाऊन बसतो. आणि अर्धवट औषधात वाढलेल्या कर्करोगपेशींना औषधाला दाद न देणारे बदल घडवायला वाव मिळतो, हे वेगळंच.

दुसरा युक्तिवाद जास्त शिकलेल्या लोकांकडून येतो. सीएमएलचे काही रुग्ण गोळी कायमची सोडूनही ठीक असतात, हे त्यांनी वाचलेलं असतं. ते खरं आहे. फ्रान्समध्ये स्टिम नावाच्या अभ्यासात असे शंभर रुग्ण घेतले. पण ते शंभर कोण होते हेही वाचायला हवं. निदान दोन वर्षं सलग ज्यांच्या रक्तात बीसीआर-एबीएल सापडलंच नव्हतं असेच लोक त्यात घेतले होते, गोळी थांबवल्यावर त्यांची वारंवार रक्ततपासणी होत होती, आणि एवढं असूनही निम्म्याहून अधिक जणांत आजार परतला. बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. तो वेळेत दिसला म्हणून गोळी पुन्हा सुरू करून आवरता आला. निदान होऊन दोन महिने झालेल्या आणि खाज सुटलेल्या रुग्णाला हा दाखला देणं ही दिशाभूल आहे, मग ती कितीही चांगल्या हेतूने केलेली असो.

"मग दुसरी गोळी घ्या, निलोटिनिब आहे, डॅसाटिनिब आहे," हा तिसरा मुद्दा. याच्याशी माझं फारसं भांडण नाही. इमॅटिनिबचं पुरळ कशानेच आवरत नसेल तर औषध बदलणं रास्त आहे, आणि एका गोळीवर पुरळ आलं म्हणून दुसरीवर येईलच असं नसतं. फक्त हा निर्णय रक्तविकारतज्ज्ञाने बीसीआर-एबीएलचा अहवाल समोर ठेवून घ्यायचा असतो. त्या औषधांचेही उपद्रव आहेत. निलोटिनिबने रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात. डॅसाटिनिबने छातीत पाणी साठतं, आणि आपल्या देशात छातीत पाणी म्हटलं की क्षयाची औषधं सुरू व्हायला वेळ लागत नाही. साध्या पुरळापायी रुग्णाला तिकडे ढकलू नये एवढंच माझं म्हणणं.

इमॅटिनिबचा आणखी एक परिणाम आहे. त्याबद्दल वैद्यकीय पुस्तकांत दोन ओळी असतात, आपल्या समाजात मात्र त्याने आयुष्यं हलतात. हे औषध बीसीआर-एबीएलबरोबर सी-किट नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनालाही अडवतं, आणि त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशींना ते प्रथिन लागतं. म्हणून सावळ्या माणसाचा रंग काही महिन्यांत उजळतो. कुणाचा सगळ्या अंगावर सारखा, कुणाचा चट्ट्याचट्ट्यांनी. गोऱ्या कातडीच्या देशांत हे फारसं लक्षातही येत नाही. आपल्याकडे चट्टा उजळ दिसला की शेजारीपाजारी कोड म्हणतात, आणि ज्या घरात लग्नाची मुलगी आहे तिथे त्या एका शब्दाने झोप उडते. गोळी थांबवण्याचं हे कारण रुग्ण तोंडाने सांगत नाहीत, बायका तर मुळीच सांगत नाहीत. त्यांना समोर बसवून सांगावं लागतं की हे कोड नाही, हा औषधाचा परिणाम आहे, मात्रा कमी केली किंवा औषध बदललं तर रंग बहुधा परत येतो, आणि रंगासाठी गोळी सोडण्याची किंमत फार मोठी आहे. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी दिली नाहीत म्हणून माणसं उपचारातून निघून गेलेली मी पाहिली आहेत.

मात्र या नियमाविरुद्धचा माझा सर्वांत मोठा आक्षेप अजून बाकी आहे. "औषध बंद करा" म्हणणारा माणूस बहुतेकदा चुकीचं औषध बंद करतो.

सीएमएलचं निदान होतं तेव्हा पांढऱ्या पेशी लाखांत असतात. त्या उतरवायला हायड्रॉक्सियुरिया देतात. पेशी मरताना युरिक ॲसिड वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून ॲलोप्युरिनॉल देतात. पुढच्या काही दिवसांत इमॅटिनिब येतं. तीन आठवड्यांनी अंगावर पुरळ उठतं. घरातलं प्रत्येक बोट कॅन्सरच्या गोळीकडे जातं, कारण ती जहाल आणि तिचीच सगळ्यांना धास्ती. ॲलोप्युरिनॉल ही साधी पांढरी स्वस्त गोळी असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. आणि स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे त्वचा फोड येऊन सोलवटून निघण्याचा भयंकर प्रकार, जगभर ज्या औषधांमुळे सर्वाधिक होतो त्यांच्या यादीत ॲलोप्युरिनॉल वरच्या ओळींत आहे. तैवानच्या संशोधकांनी २००५ मध्येच दाखवलं होतं की एचएलए-बी ५८:०१ हा जनुकीय प्रकार असलेल्यांना हा धोका कितीतरी पट जास्त असतो. अशा वेळी घरच्यांनी इमॅटिनिब थांबवलं आणि ॲलोप्युरिनॉल चालू ठेवलं तर काय होतं? कर्करोगाला मोकळीक मिळते आणि कातडी सोलवटवणारं औषध पोटात जातच राहतं.

हे एकट्या सीएमएलचं नाही. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांना फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून वाचवायला को-ट्रायमॉक्सॅझोल देतात. त्यात सल्फा असतं, आणि सल्फाचं पुरळ डॉक्टरांच्या पिढ्यान्पिढ्या ओळखीचं आहे. फिट येऊ नये म्हणून कुणाला फेनिटॉइन चालू असतं. बुरशीच्या संसर्गासाठी व्होरिकोनॅझोल घेणारा माणूस वैशाखाच्या उन्हात गेला तर त्याचा चेहरा भाजल्यासारखा होतो. लिम्फोमासाठी बेंडामस्टिन आणि जोडीला ॲलोप्युरिनॉल दिल्यास त्वचेच्या गंभीर विकाराचा धोका वाढू शकतो, अशी सूचना बेंडामस्टिनच्या माहितीपत्रकातच आहे. रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण एकाच वेळी आठ-दहा औषधं घेत असतो. त्यांतलं कोणतं कोणत्या तारखेला सुरू झालं ते कागदावर लिहून पुरळाच्या तारखेशी ताडून पाहायला हवं. साधं गोवरासारखं औषधी पुरळ बहुधा चार ते चौदा दिवसांत उठतं. स्टीव्हन्स-जॉन्सनला चार दिवस ते चार आठवडे लागतात. आणि ताप, सुजलेल्या गाठी, रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल पेशी, यकृताला सूज असा जो ड्रेस नावाचा प्रकार आहे तो दोन ते आठ आठवड्यांनी डोकं वर काढतो. या तारखा जुळवल्याशिवाय कुठल्याही गोळीवर आरोप ठेवणं हा अंदाजपंचे कारभार आहे.

कधीकधी तर दोष औषधाचा नसतोच. केमोने पांढऱ्या पेशी शून्याजवळ गेलेल्या रुग्णाच्या अंगावर काळपट मध्यभाग असलेला दुखरा चट्टा दिसला तर तो स्यूडोमोनास जिवाणूंचा किंवा फ्युझेरियमसारख्या बुरशीचा रक्तात पसरलेला संसर्ग असू शकतो. दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतलेल्या रुग्णाच्या तळहातांवरचं पुरळ ही नव्या पेशींनी यजमान शरीरावर केलेली चढाई असू शकते. ल्युकेमियाच्या पेशी स्वतः त्वचेत उतरून गाठी करतात. यांतलं काय आहे हे ठरवायला तीन-चार मिलिमीटरची पंच बायोप्सी लागते, आणि प्लेटलेट कमी असल्या तरी ती बहुतेकदा काळजीपूर्वक करता येते. संसर्गाला औषधाचं पुरळ समजून स्टिरॉइड दिलं तर रुग्ण दगावू शकतो. औषधाच्या पुरळाला ल्युकेमिया समजलं तर नको तो केमो माथी येतो.

१९६४ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या डॉ. रॉबर्ट स्वीट यांनी आठ स्त्रियांच्या आजाराचं वर्णन केलं: अचानक ताप, आणि चेहरा, मान, हात यांवर लालभडक, फुगलेले, हात लावू न देणारे चट्टे. बायोप्सीत त्वचेत न्यूट्रोफिल पेशींची गर्दी. या स्वीट सिंड्रोमचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध पुढे स्पष्ट झाला, आणि त्यानंतर लक्षात आलं की काही औषधंही ते घडवतात. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला पोटावर दिलं जाणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन त्यांत आघाडीवर आहे. ताप आहे, चट्टे आहेत, म्हणजे संसर्गच असणार असं धरून रुग्णावर एकामागून एक अँटिबायोटिक बदलली जातात. संसर्ग शोधायलाच हवा, त्यात हयगय नको. पण संवर्धन अहवाल कोरे आले आणि बायोप्सीत न्यूट्रोफिल दिसले की स्टिरॉइडने हे चट्टे काही दिवसांत विरतात. चार दिवसांचं काम तीन आठवडे रेंगाळण्याचं कारण एवढंच असतं की त्वचेकडे कोणी नीट पाहिलेलं नसतं.

ट्रेटिनॉइनचं उदाहरण याहून बोलकं आहे. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा पूर्वी काही दिवसांत रक्तस्राव होऊन माणूस नेणारा आजार. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये ट्रेटिनॉइन या जीवनसत्त्व अ-च्या नातलगाचा त्यावरचा परिणाम जगापुढे मांडला, आणि आज आर्सेनिक ट्रायऑक्साइडच्या जोडीने कमी धोक्याच्या गटातले नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. या औषधाने ओठ फुटतात, कातडी कोरडी पडते, कधी स्वीटचे चट्टे येतात, आणि काही पुरुषांना अंडकोशावर दुखरे व्रण होतात. हे व्रण लाजेपायी आठवडाभर कुणाला दाखवले जात नाहीत. कळल्यावर काही वेळा गुप्तरोगाचा संशय घेतला जातो, म्हणजे दुखण्यात अपमानाची भर. स्टिरॉइडने हे व्रण भरून येतात. गरज पडल्यास ट्रेटिनॉइन थोडे दिवस थांबवतात, पण ते कायमचं सोडणं म्हणजे बरा होऊ शकणारा कर्करोग हातचा सोडणं.

सायटाराबिन या केमोच्या औषधाच्या मोठ्या मात्रेनंतर तळहात-तळपाय लाल होऊन भाजल्यासारखे होतात, त्याबद्दल थोडक्यात. ही ॲलर्जी नाही, औषधाचा पेशींवरचा थेट मारा आहे. २००८ मध्ये येलच्या जीन बोलोनिया आणि सहकाऱ्यांनी अशा सगळ्या प्रकारांना केमोची विषारी लाली या एका छत्राखाली आणलं, ते याच कारणाने. थंड पट्ट्या, वेदनाशामक, मलम, आणि एक-दोन आठवडे. "याला सायटाराबिनची ॲलर्जी आहे" असं एकदा फाइलवर लिहिलं गेलं की पुढच्या फेरीत त्याच्या हक्काचं प्रभावी औषध त्याला मिळत नाही. फाइलवरची अशी ओळ पुसायला मला तासन्‌तास फोनवर बोलावं लागलं आहे.

आता दुसऱ्या टोकाबद्दल, कारण माझा लेख वाचून कुणी तिकडे जाऊ नये. "कॅन्सरपुढे खाज ती काय, सोसा," असं म्हणणारे कर्करोगतज्ज्ञही आहेत, आणि रुग्ण स्वतःहून गोळी सोडतो याला ते तितकेच जबाबदार आहेत. रात्रभर खाजवून रक्त काढणाऱ्या माणसाला सोसा म्हणणं हा उपचार नाही. त्याची तक्रार दवाखान्यात ऐकली गेली नाही तर तो मेडिकलमध्ये जातो आणि स्टिरॉइड, बुरशीनाशक, अँटिबायोटिक असं तिन्ही कोंबलेलं मलम घेऊन येतो. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. आधीच प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाच्या जांघेत या मलमाने गजकर्ण असं माजतं की मग खरा त्रास कुठला आणि औषधाचा कुठला हे आम्हालाही कळत नाही.

आणि थांबवायचं कधी? ताबडतोब, त्याच दिवशी, कुणालाही न विचारता संशयित औषधं थांबवून मोठं रुग्णालय गाठायचं, अशी लक्षणं आहेत. तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी सोलवटणं. त्वचा लाल असण्याबरोबर दुखणं. फोड येणं किंवा हलकं चोळलं तरी कातडी निघून येणं. पुरळासोबत ताप आणि चेहऱ्यावर सूज. घशात आवळणं, श्वास लागणं. यात वाट पाहू नये. त्वचेचा मोठा भाग सोलवटला तर मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास जातं, आणि दोषी औषध जितक्या लवकर थांबेल तितका रुग्ण वाचण्याचा संभव वाढतो. "बंद करा" हा नियम इथे आणि इथेच बिनशर्त लागू आहे.

माझं हे म्हणणं शहरी आहे, असा आक्षेप येईल. तालुक्याच्या गावात ना बायोप्सी, ना रक्तविकारतज्ज्ञ; तिथला डॉक्टर सुरक्षित बाजू धरून गोळी थांबवणारच. मला हा आक्षेप मान्य नाही, कारण त्या डॉक्टरच्या हातात पुष्कळ काही आहे. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण एक टक्का त्वचा, म्हणून पुरळ किती तळहात आहे ते मोजता येतं. दहा तळहातांपेक्षा कमी असेल आणि बाकी काही नसेल तर घाई नाही. तिसापलीकडे गेलं तर गंभीर. टॉर्चने तोंड आणि डोळे पाहता येतात. हिमोग्रॅम आणि यकृताची तपासणी तालुक्याला होते, इओसिनोफिल किती तेही त्यातच कळतं. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा करडी दिसते. पुस्तकातल्या गोऱ्या त्वचेच्या चित्रांशी ताडून "काही विशेष नाही" म्हणायचं नाही, हात लावून ऊब आणि जाडी पाहायची. पुरळ गेल्यावर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात, ते चालू असलेलं पुरळ नव्हे, हेही ध्यानात ठेवायचं. आणि दिवसाउजेडी चार फोटो काढून ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथे पाठवायचे. बहुसंख्य वेळा गोळी थांबवावी की नाही याचं उत्तर त्याच संध्याकाळी मिळू शकतं.

ते उत्तर द्यायला पलीकडे कुणीतरी असायला हवं, हे मात्र मोठ्या रुग्णालयांचं काम आहे. रक्तविकाराच्या ओपीडीत आठवड्यातून निदान एक दिवस त्वचारोगतज्ज्ञ बसला पाहिजे. औषधाच्या दुष्परिणामाचा अहवाल भरला गेला पाहिजे. त्यासाठी देशाची औषधदक्षता यंत्रणा २०१० पासून आहे, तिचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक रुग्णही वापरू शकतो, आणि आपल्या त्वचेवर ही औषधं काय करतात ते आपण नोंदवलं नाही तर दुसरं कुणी नोंदवणार नाही. फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहिलेलं असावं: कोणती गोळी कशासाठी, कोणत्या तारखेपासून, विचारल्याशिवाय थांबवायची नाही अशी कोणती, आणि पुरळ आलं तर फोन कुठे करायचा. त्याच पानावर ॲलोप्युरिनॉल कधी थांबवायचं ती तारीखही हवी. पेशी उतरून युरिक ॲसिड ताळ्यावर आल्यावर त्या गोळीची गरज बहुतेकांना उरत नाही. तरीही ती महिनोन्‌महिने चालू असलेली मला केस पेपरवर दिसते, आणि त्याच पेपरवर पुरळाचं कारण देऊन काट मारलेली असते ती इमॅटिनिबवर.